प्रस्तावना : डॉक्युमेंट डेटाबेस आणि त्याचा ड्रायव्हर

मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीच्या तिसऱ्या वर्षाला २०१८-१९ पासून ‘नेक्स्ट जनरेशन टेक्नॉलॉजीज’ हा विषय आला आणि मोंगोडीबी हे नाव उपनगरांतल्या वर्गावर्गांत पोहोचले. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या कॉलेजांत मुलेमुली डॉक्युमेंट डेटाबेस शिकू लागली. ही चांगली गोष्ट झाली. पण प्रॅक्टिकलच्या तासाला विद्यार्थी जे करतो ते बहुतेक वेळा शेलमध्ये: कमांड टाइप करायची, उत्तर बघायचे, जर्नलमध्ये उतरवायचे, सही घ्यायची. नोकरी लागल्यावर शेलशी क्वचितच गाठ पडते. तिथे पायथनमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला चालू प्रोग्रॅम असतो आणि तो डेटाबेसशी बोलतो ते ड्रायव्हर नावाच्या लायब्ररीमार्फत. अभ्यासक्रम जिथे संपतो आणि काम जिथे सुरू होते, त्या मधल्या जागेविषयी मराठीतून सविस्तर सांगणारे हे पुस्तक आहे, आणि त्याची प्रस्तावना लिहिताना मला मनापासून आनंद होतो आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. डॉक्युमेंट डेटाबेस वापरताना जे निर्णय डेटाबेसने घेतले असे आपण समजतो, त्यातले कितीतरी ड्रायव्हरने घेतलेले असतात. नोंद खरोखर लिहिली गेली की नाही याची खात्री करायची का, किती वेळ वाट पाहायची, मध्येच नेटवर्क तुटले तर पुन्हा प्रयत्न करायचा का, तारीख कोणत्या घड्याळाने नोंदवायची, पैशाचा आकडा कोणत्या रूपात साठवायचा, हे सगळे ड्रायव्हरच्या हाती असते. आपण काही सांगितले नाही, तर तो त्याच्या मूळ सेटिंगप्रमाणे वागतो. म्हणून ड्रायव्हर समजून घेणे हे डेटाबेस समजून घेण्याचेच अंग आहे. एकदा आधी लायब्ररी जोडून घेऊ, बारकावे मग बघू, असे म्हणणाऱ्यांचे ‘मग’ सहसा रात्री दोन वाजता येते.

ड्रायव्हर नेमके काय करतो ते थोडक्यात पाहू. सर्व्हर एका ठरलेल्या पोर्टवर ऐकत असतो. मोंगोडीबीचा नेहमीचा पोर्ट २७०१७. त्याला पायथनची डिक्शनरी कळत नाही की जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट. त्याला बीसॉन नावाच्या द्विमान रूपातला मजकूर हवा असतो. ड्रायव्हर आपल्या भाषेतल्या वस्तूचे बीसॉन करतो, ते सर्व्हरला समजेल अशा संदेशात घालून पाठवतो, आलेले उत्तर उलगडून परत आपल्या भाषेत देतो. हे भाषांतराचे काम झाले. याशिवाय तो तीन-चार सर्व्हरांच्या गटातला मुख्य कोण हे सतत तपासत असतो, मुख्य बदलला तर नव्याकडे वळतो, आणि अनेक कनेक्शने उघडून सांभाळून ठेवतो. प्रत्येक डॉक्युमेंटला जी बारा बाइटची ओळख मिळते, तीसुद्धा साधारणपणे ड्रायव्हरच तयार करतो. त्यातले पहिले चार बाइट वेळेचे, पुढचे पाच यादृच्छिक आणि शेवटचे तीन मोजणीचे. नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच तिची ओळख आपल्या हातात असते ती यामुळे.

कनेक्शनांचा हा साठा, म्हणजे कनेक्शन पूल, नवशिक्यांना सर्वांत जास्त चकवतो. घाटकोपर स्टेशनबाहेर शेअर रिक्षांची रांग असते. प्रवासी आला की उभी असलेली रिक्षा घेतो, ती परत येऊन रांगेला लागते. दर प्रवाशासाठी शोरूममधून नवी रिक्षा काढावी लागत नाही. पूलचे काम असेच चालते. ज्याने प्रत्येक विनंतीसाठी नवा क्लायंट, म्हणजे पूल सांभाळणारा ड्रायव्हरचा ऑब्जेक्ट, तयार करून टाकला, तो दर प्रवाशाला नवी रिक्षा काढतो आहे. लॅपटॉपवर एकटाच वापरणारा असल्यामुळे हे लक्षात येत नाही. वापरणारे पाचशे झाले की सर्व्हरचा श्वास कोंडतो आणि दोष डेटाबेसला मिळतो. एका प्रोसेसला एक क्लायंट, आणि तो सुरुवातीला उघडून शेवटपर्यंत वापरायचा, एवढा एक नियम पाळला तरी बरेच दुखणे टळते.

आता या क्षेत्राचा थोडा मागोवा घेऊ. साठच्या दशकात आयबीएमची आयएमएस ही श्रेणीबद्ध व्यवस्था अपोलो मोहिमेच्या कामातून उभी राहिली. एका नोंदीच्या पोटात दुसरी नोंद ठेवण्याची कल्पना तेव्हापासूनची आहे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले: माहिती सपाट टेबलांत ठेवा, नाती किल्ल्यांनी जोडा, हवे ते विचारा. पुढे एसक्यूएल आली, १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. एसक्यूएल असूनही प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसशी जोडणी करण्याची रीत वेगळी होती. त्यावर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणले आणि १९९७ मध्ये जावाबरोबर जेडीबीसी आले. ड्रायव्हर हा शब्द कार्यालयांत रुजला तो याच काळात. कल्पना सोपी होती: प्रोग्रॅम एकाच पद्धतीने लिहा, डेटाबेस बदलला तर फक्त ड्रायव्हर बदला.

मुंबईची उपनगरे या काळाची साक्षीदार आहेत. अंधेरीचे सीप्झ १९७३ मध्ये सुरू झाले आणि पुढे तिथे सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या कंपन्यांची गर्दी झाली. जुहूला १९८५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी उभे राहिले. तेच पुढे सीडॅकमध्ये विलीन झाले. पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी डेटाबेस शिकवला, आणि तिथलेच प्रा. एस. सुदर्शन हे सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ यांच्यासह ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या जगभर चालणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. उपनगरांतल्या एका अख्ख्या पिढीने टेबले, जॉइन आणि नॉर्मलायझेशन यांवर आपले घर चालवले. त्या शिस्तीचा आदर ठेवूनच पुढचे बोलले पाहिजे, कारण डॉक्युमेंट डेटाबेस वापरताना ही शिस्त विसरणारे लवकरच अडचणीत येतात.

मग टेबले पुरेनाशी का झाली? वेबसाइटींवर माहितीचा आकार रोज बदलू लागला. प्रोग्रॅममध्ये एकच वस्तू असायची, तर डेटाबेसमध्ये तिचे आठ टेबलांत तुकडे. एकाच मोठ्या यंत्राऐवजी अनेक साध्या यंत्रांवर माहिती पसरवण्याची गरजही वाढली. ॲमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमोविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. लोटस नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये काउचडीबीला हात घातला होता. टेनजेन नावाची कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली आणि तिने २००९ मध्ये मोंगोडीबी खुला केला. याच कंपनीने २०१३ मध्ये मोंगोडीबी हेच नाव घेतले. त्याच २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बैठकीमुळे नोएसक्यूएल हा शब्द सर्वतोमुखी झाला. प्रमोद सडलगे आणि मार्टिन फाउलर यांच्या २०१२ च्या ‘नोएसक्यूएल डिस्टिल्ड’ने या पसाऱ्यामागचे सूत्र नीट सांगितले: जे एकत्र वाचले-लिहिले जाते ते एकत्र ठेवा.

आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण आधारचे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. कोट्यवधी माणसांची नोंदणी करणाऱ्या या व्यवस्थेने एकाच डेटाबेसवर भिस्त ठेवली नाही. सुरुवातीच्या वर्षांत अभियंत्यांनी मांडलेल्या रचनेत नोंदणीची डॉक्युमेंटे मोंगोडीबीत, तयार झालेल्या क्रमांकांच्या नोंदी मायएसक्यूएलमध्ये, बोटांच्या ठशांसारखी जैविक माहिती एचबेसमध्ये आणि मूळ पाकिटे हडूपवर, अशी वाटणी होती. कोणत्या कामाला काय हे ओळखून घेतलेला हा निर्णय होता. टेबले विरुद्ध डॉक्युमेंटे असा सामना लावणाऱ्यांनी तो जरूर अभ्यासावा.

ड्रायव्हरांच्या इतिहासातला एक प्रसंग मात्र मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. मोंगोडीबीच्या सुरुवातीच्या ड्रायव्हरांत नोंद पाठवली की ड्रायव्हर पुढे निघून जाई. सर्व्हरने ती स्वीकारली की नाकारली याची तो वाटच पाहत नसे. मोजमापात वेग डोळे दिपवणारा दिसे. प्रत्यक्षात एखादी नोंद नाकारली गेली तरी प्रोग्रॅमला पत्ता लागत नसे. सांगितले तर ड्रायव्हर पोच घेई, पण सांगायला हवे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. नोव्हेंबर २०१२ मध्ये सर्व अधिकृत ड्रायव्हरांत मोंगोक्लायंट नावाचा नवा क्लास आला आणि पोच घेणे हीच मूळ पद्धत झाली. हा बदल ड्रायव्हरमध्ये झाला होता. माहिती सुरक्षित राहणार की हरवणार, हे इतकी वर्षे ड्रायव्हरमधल्या एका मूळ सेटिंगवर अवलंबून होते! पुढे २०२१ मध्ये मोंगोडीबी सर्व्हरच्या पाचव्या आवृत्तीपासून गटातल्या बहुसंख्य सर्व्हरांनी पोच दिल्यावरच लेखन पूर्ण मानायचे, ही मूळ रीत ठरली. ज्याला हा प्रसंग समजला त्याला या पुस्तकाचा गाभा समजला.

आजच्या घडीला या क्षेत्रात काम करण्याच्या काही ठळक पद्धती दिसतात. पहिली पद्धत थेट ड्रायव्हर वापरणाऱ्यांची: पायथनसाठी पायमोंगो, नोडसाठी अधिकृत नोड ड्रायव्हर, तसेच जावा, गो, रस्ट, सी शार्प यांचे. भाषा वेगळ्या असल्या तरी हे सगळे ड्रायव्हर त्याच खुल्या तपशीलपत्रकांवर बेतलेले आहेत. त्यामुळे एका भाषेतला ड्रायव्हर नीट समजला की दुसऱ्या भाषेत फार चाचपडावे लागत नाही. दुसरी पद्धत ड्रायव्हरवर आणखी एक थर चढवणाऱ्यांची. नोडमध्ये मंगूस, जावामध्ये स्प्रिंग डेटा हे त्यांचे आवडते. डॉक्युमेंटाला आकाराचे नियम लावून घेता येतात, चुकीचे मूल्य दारातच अडते, ही त्यांची जमेची बाजू. खालचा ड्रायव्हर दिसेनासा होतो, ही उणी बाजू. तिसरी पद्धत काउचडीबीची. तो साध्या एचटीटीपीवर बोलतो, त्यामुळे खास ड्रायव्हराशिवायही काम भागते.

चौथी पद्धत रिलेशनलवाल्यांनी काढली. पोस्टग्रेस क्यूएलने डिसेंबर २०१४ मध्ये जेसॉनबी हा प्रकार आणला आणि टेबलाच्या एका कॉलममध्ये पूर्ण डॉक्युमेंट ठेवायची, त्यावर इंडेक्स लावायची सोय झाली. आज उपनगरांतल्या कित्येक छोट्या कंपन्यांना एवढे पुरेसे असते आणि हे पुस्तक ते मोकळेपणाने सांगते. उलट बाजूने मोंगोडीबीने २०१८ मध्ये अनेक डॉक्युमेंटांवरचे ट्रान्झॅक्शन आणले. दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ सरकल्या. पाचवा प्रवाह म्हणजे मोंगोडीबीचीच बोली बोलणारे दुसरे सर्व्हर. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवाना बदलला, जानेवारी २०१९ मध्ये ॲमेझॉनने डॉक्युमेंटडीबी आणला, पुढे फेरेटडीबीसारखे खुले प्रकल्प आले. ड्रायव्हर तोच, समोरचा सर्व्हर वेगळा. अशा वेळी ड्रायव्हर काय मागतो आणि सर्व्हर त्यातले काय पुरवतो, हे माहीत नसेल तर फसगत ठरलेली.

इथवरची चर्चा ज्याला कोरडी वाटली असेल, त्याच्यासाठी पुस्तकातले मध्यवर्ती उदाहरण जवळून दाखवतो. लेखिकेने सहकारी गृहनिर्माण संस्थेचे मासिक बिल निवडले आहे. मुलुंड-बोरिवलीत वाढलेल्या कोणालाही ते परके नाही. आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क सर्व सदनिकांना सारखे, पाण्याचा खर्च नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर. कोणाला पार्किंग, कोणी घर भाड्याने दिले म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, कोणाच्या नावे मागील बाकी आणि व्याज. दोन सदनिकांची बिले तंतोतंत सारखी क्वचितच असतात. टेबलात हे बसवता येते, पण डॉक्युमेंटात ते असे सरळ उतरते:

{
  "सदनिका": "बी-४०३",
  "बिलाची तारीख": "१ एप्रिल २०२५",
  "आकारणी": [
    { "बाब": "सेवा शुल्क", "रक्कम": "१८००.००" },
    { "बाब": "सिंकिंग फंड", "रक्कम": "२५०.००" },
    { "बाब": "पार्किंग", "रक्कम": "३००.००", "वाहन": "चारचाकी" }
  ],
  "मागील बाकी": "०.००"
}

कागदावर हे निर्दोष दिसते. आता ते ड्रायव्हरच्या हाती द्या. पहिली अडचण तारखेची. मोंगोडीबी तारीख नेहमी जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत साठवतो. भारतीय घड्याळ लावलेल्या लॅपटॉपवर जावास्क्रिप्टमध्ये १ एप्रिलची तारीख बनवली की ती मध्यरात्र भारतातली धरली जाते आणि नोंद होते ३१ मार्च संध्याकाळी साडेसहाची. पायथनमध्ये कालविभाग न सांगता तीच तारीख दिली, तर पायमोंगो ती यूटीसीचीच समजतो आणि नोंद होते १ एप्रिलची मध्यरात्र. एकच बिल, दोन ड्रायव्हर, साडेपाच तासांचा फरक. एरवी हा फरक कोणाच्या ध्यानात येणार नाही. पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. वर्षअखेरीचा हिशेब यूटीसीने काढला, तर एप्रिलची बिले मागच्या वर्षात जाऊन पडतात आणि लेखापरीक्षक विचारतो तेव्हा सचिवांकडे उत्तर नसते.

दुसरी अडचण पैशाची. जावास्क्रिप्टमधली अपूर्णांकी रक्कम द्विमान रूपात साठते आणि त्यात एक दशांश अधिक दोन दशांश म्हणजे नेमके तीन दशांश होत नाहीत. त्यासाठी २०१६ पासून डेसिमल१२८ हा वेगळा प्रकार उपलब्ध आहे, पण तो आपण मागून घ्यावा लागतो. पायथनचा डेसिमल सरळ दिला तर पायमोंगो तो घेतच नाही, चूक दाखवतो. हा त्याचा काटेकोरपणा चांगला. मात्र घाईतला प्रोग्रॅमर त्याचे फ्लोट करून मोकळा होतो आणि पैशांचा हिशेब तिथेच ढिला पडतो.

तिसरी गोष्ट आपल्या लिपीची, आणि ती मला या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग वाटते. सभासदांची यादी आडनावांनुसार लावायची आहे. काही न सांगता क्रम लावायला सांगितला, तर युनिकोडच्या अनुक्रमानुसार ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. म्हणून काळे आधी, मग कावळे, मग काशीद. मराठी वर्णमालेत ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर आहे, तेव्हा काळे शेवटी हवेत. याचा उपाय ड्रायव्हरमध्येच आहे: क्वेरीबरोबर मराठीचे कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचे नियम, पाठवता येते. याहून नाजूक बाब ‘कऱ्हाड’सारख्या शब्दाची. तो अर्धा ‘र’ दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप करता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले बाइट मात्र वेगळे. एका कीबोर्डने भरलेले कऱ्हाड दुसऱ्या कीबोर्डने साध्या क्वेरीत शोधले तर सापडत नाही. नोंद करण्याआधीच मजकूर एकाच रूपात आणणे हे प्रोग्रॅमचे काम आहे. ड्रायव्हर दिलेले बाइट जसेच्या तसे पोहोचवतो. इंग्रजी पुस्तकांत हे सहसा वाचायला मिळत नाही. मराठीत काम करणाऱ्याला याची पहिल्याच आठवड्यात गरज लागते.

हे सगळे आत्ताच का शिकायचे? एक कारण अंतराचे. २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपले क्लाउड केंद्र उघडले आणि डेटाबेस शहरातच ठेवणे सोपे झाले. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली येऊन मिळतात. त्यांतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यायला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एका पानासाठी एकामागून एक शंभर क्वेऱ्या करणारा प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरशी बोलला तर वीस सेकंद गेले. तेच काम एका क्वेरीत करणे आणि डेटाबेस मुंबईत ठेवणे, हे दोन्ही शिकणाऱ्याच्या हातात आहे. ड्रायव्हर पहिल्या फेरीत साधारण एकशे एक डॉक्युमेंटे आणतो आणि कर्सर पुढे सरकेल तशी उरलेली मागवतो, एवढे माहीत असले तरी कितीतरी संथ पाने वेग धरतात.

दुसरे कारण सुरक्षेचे. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर पासवर्डाविना उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून टाकून खंडणी मागण्यात आली. दोष मांडणीतल्या निष्काळजीपणाचा होता. दुसरा धोका ड्रायव्हरच्या तोंडाशीच असतो. लॉगिनच्या पानावर पासवर्डाच्या जागी साधा मजकूर यायला हवा. तिथे कोणी डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारा ऑपरेटर असलेला ऑब्जेक्ट पाठवला आणि प्रोग्रॅमने तो न तपासता क्वेरीत घातला, तर ड्रायव्हर तो इमानेइतबारे पुढे पाठवतो आणि दार उघडते. देशात २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. लोकांची माहिती बाळगणाऱ्याची जबाबदारी आता कायद्याने बांधलेली आहे. संवेदनशील रकाना सर्व्हरकडे जाण्यापूर्वीच कुलूपबंद करण्याची सोय २०१९ पासून ड्रायव्हरांत आहे. ती असते हेच ठाऊक नसेल तर वापरणार कोण?

तिसरे कारण अगदी ताजे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागितल्याबरोबर डेटाबेसला जोडणारा प्रोग्रॅम लिहून देतात, आणि तो चालतोही. पण टाइमआउट किती, पोच कोणाची, पुनर्प्रयत्न चालू की बंद, हे त्यात बहुधा लिहिलेले नसते. मूळ सेटिंगवर सोडलेले असते. लिहिण्याचे श्रम कमी झाले, म्हणून वाचून पारखण्याची जबाबदारी वाढली. कोड वाचताना जे लिहिलेले नाही तेही ज्याला दिसते, तोच यापुढे कामाचा प्रोग्रॅमर.

अशा वेळी हे पुस्तक काय करू पाहते? ते ड्रायव्हरच्या प्रत्येक फंक्शनची सूची देत नाही; तेवढ्यासाठी अधिकृत दस्तऐवज आहेत आणि ते रोज बदलतात. लेखिकेने न बदलणाऱ्या गोष्टींवर भर दिला आहे: कनेक्शन कसे जगते, लेखनाची हमी कशी मिळते, बिघाड झाला की ड्रायव्हर काय करतो, मूल्यांचे प्रकार कसे सांभाळायचे, एकत्र काय ठेवायचे आणि वेगळे काय. उदाहरणे पायथन आणि जावास्क्रिप्ट (नोड) या दोन भाषांत शेजारीशेजारी आहेत. दोन ड्रायव्हर एकाच परिस्थितीत वेगळे वागले की वाचक आपोआप ‘का’ विचारतो आणि त्या प्रश्नातून विषय उलगडत जातो. गृहनिर्माण संस्थेचे तेच उदाहरण शेवटपर्यंत वाढत राहते: एका इमारतीपासून फेडरेशनपर्यंत, एका सर्व्हरपासून तीन सर्व्हरांच्या गटापर्यंत.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्व्हर उभारणे, बॅकअप, शार्डिंगचा कारभार यांना इथे ओझरता स्पर्श आहे. रिलेशनल डेटाबेसची तोंडओळख वाचकाला आहे असे लेखिका गृहीत धरतात, आणि ते योग्यच आहे. ज्याला जॉइन कळत नाही त्याला तो केव्हा टाळावा हेही कळत नाही. परिभाषेबाबत त्यांनी कार्यालयात बोलले जाणारे शब्दच ठेवले आहेत. कर्सर, इंडेक्स, टाइमआउट हे शब्द मुलांच्या तोंडी आधीच आहेत. वाक्य मराठी असले आणि विचार मराठीतून चालला, की समज पक्की होते, हा माझाही अनुभव आहे.

शिक्षकांना एक विनंती. प्रॅक्टिकलच्या तासांपैकी काही तास शेल बंद ठेवून विद्यार्थ्यांना प्रोग्रॅममधून काम करायला लावा. चालत्या प्रोग्रॅमखालचा सर्व्हर मध्येच बंद करा आणि काय घडते ते त्यांना टिपू द्या. नोंद दोनदा गेली का, हरवली का, चूक कुठे दिसली, किती सेकंदांनी दिसली? जर्नलमध्ये उतरवण्याजोगे याहून चांगले निरीक्षण नाही.

आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे की हे पुस्तक लोकलमध्ये उभ्याने वाचून संपवायचे नाही. शेजारी लॅपटॉप ठेवा, प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करा, आणि ड्रायव्हरच्या प्रत्येक मूळ सेटिंगला एकदा तरी विचारा की तू माझ्या वतीने काय ठरवलेस. त्याचे उत्तर तुमच्या संस्थेच्या, दवाखान्याच्या, दुकानाच्या कामाला चालणारे नसेल, तर ते बदला आणि का बदलले ते कोडमध्ये लिहून ठेवा. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती सांभाळणे हे जबाबदारीचे काम आहे, आणि ते नीट शिकूनच हाती घ्यावे.